वैशाखातला केवडा

तेजस्वीला कुडाळात नोकरी लागली तेव्हा आरोंद्यात बातमी अशी पसरली की सावित्रीची मुलगी अत्तरं करायला गेली. प्रत्यक्षात पहिले तीन महिने ती बाटल्या धूत होती. नंतरचे दोन महिने काट्यावर बसून वजनं करत होती. एमआयडीसीत पत्र्याची एक लांबट शेड, पुढे कार्यालय, मागे गोदाम, असा तो कारखाना. अगरबत्ती आणि धूप करणाऱ्यांना लागणारी सुगंधाची मिश्रणं तिथे तयार होत. मालकांना सगळे भाई म्हणत. साठी ओलांडलेला, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस, पण नाकाच्या बाबतीत भलताच कडक. कुणी केसांना वासाचं तेल लावून आलं की भाई त्याला दिवसभर गोदामात पुठ्ठ्याची खोकी मोजायला बसवीत. तेजस्वीने पहिल्याच आठवड्यात दोन वेळा खोकी मोजली आणि मग तेल बदललं.

एप्रिलच्या अखेरीस मुंबईहून एक पार्सल आलं. त्यात अॅल्युमिनियमच्या सहा बाटल्या होत्या. भाईंनी एक उघडली, कागदाची पट्टी तिच्यात जेमतेम बुडवली, हवेत दोनदा हलवली आणि तेजस्वीपुढे धरली.

"काय आहे सांग."

तेजस्वीने वास घेतला आणि ती कुडाळात राहिली नाही. गुडघाभर चिखल, खाडीचं मचूळ पाणी, सकाळची हवा आणि टोपलीत ओल्या फडक्याखाली झाकलेली पिवळट पांढरी कणसं, सगळं एकदम समोर आलं. तिच्या तोंडून निघून गेलं, "केवडो!" कार्यालयात ती सहसा मालवणी बोलत नसे.

"केवड्याचं तेल आहे हे?" तिने सावरून विचारलं.

भाई हसले. ते हसले की मिशीचं एकच टोक वर जाई. "या बाटलीने केवडा बघितलेलासुद्धा नाही. फिनाइल इथाइल मिथाइल ईथर. एकच द्रव्य आहे, दुसरं काही मिसळलेलं नाही. केवड्याच्या तेलातही निम्म्याहून जास्त हेच असतं, पण हे फुलातून काढलेलं नाही. गुलाबाच्या वासाचं द्रव्य घ्यायचं, त्याच्या टोकाचा एक हायड्रोजन काढायचा, तिथे मिथाइल बसवायचा. झाला केवडा."

तेजस्वी पट्टीकडे बघत राहिली. सावंतवाडीच्या कॉलेजात बीएस्सीला तिने ही अभिक्रिया पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती, पाचपैकी पाच गुणही मिळवले होते. षटकोन, त्याला दोन कार्बनांची शेपटी, टोकाला ऑक्सिजन. त्या आकृतीला वास असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्याशा फरकाने गुलाबाचा केवडा होतो, आणि तोही असा, की माणूस पत्र्याच्या शेडमधून उचलून खाडीत नेऊन ठेवावा! त्या दिवशी तिच्या हातून दोन वजनं चुकली. भाईंनी तिला खोकी मोजायला बसवलं नाही. आपली पहिली बाटली त्यांनाही आठवत असावी.

शनिवारी तिने विचारलं, "भाई, थोडं घरी नेऊ? आमच्या दाजींना दाखवायचंय."

"कोण दाजी?"

"केवडेवाले," ती म्हणाली. भाईंना तेवढं पुरलं. त्यांनी स्वतः पाच मिलिलिटरची कुपी भरून दिली.

कुपीचं बूच घट्ट बसलं नव्हतं हे तिला सावंतवाडीला आरोंद्याची एसटी पकडल्यावर कळलं. गाडी गच्च भरलेली, वैशाखाचा उकाडा, आणि सुटल्यावर पाचच मिनिटांत मागच्या बाकावरची एक बाई मान उंच करून बघू लागली. "केवडो कोणी हाडल्यान गो?"

"आता खंय केवडो? श्रावणाक तीन महिने आसत," दुसरी म्हणाली.

"मगे ह्यो वास कसलो?"

कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. एका म्हाताऱ्याने सीटखाली वाकून पाहिलं. मळेवाड येईपर्यंत अर्धी गाडी केवडा शोधत होती. तेजस्वी पर्स पोटाशी धरून खिडकीबाहेर बघत होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं. पाच मिलिलिटरची कुपी, तीही बंद, नुसतं बूच सैल. तेवढ्यावर बावन्न माणसांचा महिना बदलून गेला होता.

दाजी म्हणजे तिच्या वडिलांचे चुलते. लग्न केलं नाही, शेजारच्या दोन खोल्यांत एकटेच राहत, जेवणाचं ताट सावित्रीकडून जाई. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी केवडा कापून विकला. तेरेखोलच्या खाडीच्या कडेला गावाच्या खालच्या अंगाला केवड्याचं मोठं बन होतं. श्रावण-भाद्रपदात दाजी पहाटे बनात शिरत, काठी आपटून आधी सापांना वाट करून देत, मग लांब बांबूला बांधलेल्या कोयत्याने कणसं उतरवत. सकाळच्या पहिल्या गाडीने टोपली सावंतवाडीला आणि बांद्याला पोचे. हरतालिकेला आणि चतुर्थीला तर लोक आधीपासून सांगून ठेवत. त्यांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या रेघांचं जाळं होतं. केवड्याच्या पानांना करवतीसारखे काटे असतात.

सहा वर्षांपूर्वी खाऱ्या पाण्याचा बंधारा नव्याने घालायचं ठरलं. भरतीचं पाणी शेतात शिरून भात करपत होतं, त्यात तेजस्वीच्या वडिलांचंही शेत होतं. केवड्याचं बन नेमकं बंधाऱ्याच्या रेषेत आलं. गावात सह्यांचा कागद फिरला तेव्हा त्यावर पहिली सही दाजींची होती. जेसीबी आला त्या दिवशी ते मळेवाडच्या बाजाराला गेले. परत आल्यावर त्यांनी कोयता माळ्यावर टाकला आणि त्यानंतर केवड्याचं नाव काढलं नाही. खाडीकडे जाणंही त्यांनी सोडलं.

म्हणूनच रविवारी सकाळी तेजस्वी कुपी घेऊन निघाली तेव्हा सावित्री म्हणाली, "कशाक तेंका आठवण करून देतंस? बरे आसत ते."

"आये, एकदा वास घेवंदेत. नको तर नको."

दाजी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. तेजस्वीने पट्टी बुडवली आणि काही न सांगता पुढे केली. दाजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग पट्टी नाकाशी नेली.

मान वळवून त्यांनी खालच्या अंगाला, बंधारा होता त्या दिशेला पाहिलं, जणू तिकडून कुणी हाक मारली होती.

"वैशाखात केवडो?" ते हळूच म्हणाले. "खंय गावलो गो?"

"गावलेलो न्हय, दाजी. ह्यो केलेलो आसा. कारखान्यात."

"फुलातसून काढल्यानी?"

"फूल नायच ह्याच्यात."

ते रागावतील, पट्टी टाकून देतील, अशी तिने मनाची तयारी ठेवली होती. दाजींनी पट्टी टाकली नाही. आमसुलांच्या सुपाच्या कडेवर ती नीट ठेवली, धोतराला हात पुसले आणि पुन्हा उचलली.

"फुलाशिवाय," ते स्वतःशीच म्हणाले. "झाड नाय, चिखल नाय, काटो नाय. आणि वास आसा." मग तिच्याकडे बघून, "कोणी केल्यान ह्या?"

कुठल्या देशात, कुणाच्या हातून हे पहिल्यांदा झालं, ते भाईंनी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं.

"कोण असात तो," दाजी म्हणाले, "तेचो हात बरो. देवा म्हाराजा, तेका सुखी ठेव."

तेजस्वीचा जीव भांड्यात पडला. ती आकृती तिने त्यांना काडीने मातीत काढून दाखवली. षटकोन, शेपटी, टोकाचा ऑक्सिजन. दाजी चौथीपर्यंत शिकलेले, पण लक्ष देऊन बघत होते. "म्हणजे गुलाब आणि केवडो भावभाव," ते म्हणाले, आणि तिला वाटलं, कॉलेजात कुणी इतकं सोपं सांगितलं असतं तर.

संध्याकाळी निघायच्या वेळी त्यांनी तिला हाक मारली. पट्टी अजून त्यांच्या हातात होती.

"गो, एक सांगतंय. रागाव नको. ह्यो केवडो खरो, पण ह्यो टोपलेतलो. दुसऱ्या दिसाचो. बाजारात बसलेलो."

"म्हणजे?"

"झाडावरचो वेगळो. पान बाजूक सारल्यावर पयलो येता तो वास. तेच्यात ह्या गोडपण आसाच, पण आणि काय तरी आसा. तिखट. हिरवा." ते शब्द शोधत होते. मग उठून परसात गेले आणि जायफळाची दोन पानं तोडून आणली. तळहातावर चुरगाळून तिच्या नाकापाशी धरली. "असा. असाच न्हय, पण ह्येच्या वाटेवरचा. आणि ओल्या लाकडाचा वायच."

सोमवारी तेजस्वी कारखान्यात आली ती सरळ भाईंच्या कपाटातल्या जुन्या फाइलकडे. कुठल्या तेलात काय काय किती असतं याची कोष्टकं तीत होती, पानं हळदीसारखी पिवळी पडलेली. तिने जायफळाच्या पानांच्या तेलाचं कोष्टक काढलं, शेजारी केवड्याचं ठेवलं आणि बोट फिरवत खाली आली. एक नाव दोन्हीकडे होतं. टर्पिनेन-फोर-ऑल. केवड्याच्या तेलात, त्या ईथरच्या खालोखाल तेच.

ती किती तरी वेळ त्या ओळीवर बोट ठेवून उभी होती. यंत्राने मोजून छापलेला आकडा आणि दाजींनी तळहातावर चुरगाळलेलं पान एकाच जागी येऊन थांबलं होतं.

तिने भाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्या टर्पिनेनचा वास मलमासारखा येतो. जरा जास्त पडलं तर सगळं वाया. पण कर. संध्याकाळी पाचनंतर कर, आणि प्रत्येक थेंब वहीत लिही."

पुढचे दोन महिने तेजस्वी दर शनिवारी चार-पाच कुप्या घेऊन आरोंद्याला जाई, आणि आता बुचं दोनदा तपासून घेई. दाजी रविवारी सकाळी आंघोळ करून, तंबाखू न खाता, पडवीत वाट बघत बसत. निकाल ताबडतोब मिळे.

"ह्यो दवाखान्यात जावन इलो." हा पहिला.

"ह्यो लग्नातले सुपारेचो."

"ह्येका सर्दी झालीहा."

"ह्यो बरो, पण ह्यो बायलमाणसाचो केवडो." यावर तेजस्वीने डोळे वटारले तेव्हा ते गडबडीने म्हणाले, "तसा न्हय गो. केवड्यात नर आणि मादी वेगळी झाडा. वास नराच्या फुलाक. मादीक फळ येता, वास नाय. ह्येका वासच कमी, म्हणान म्हटलंय."

तिने ते वहीत लिहून घेतलं. ईथरचं प्रमाण तिने किंचित वाढवलं, टर्पिनेन अर्ध्यावर आणलं, मग पुन्हा थेंबाने चढवलं. भाईंनी एकदा तिच्या खांद्यावरून वाकून वास घेतला आणि स्वतःच्या खणातून एक छोटी बाटली काढून दिली. ओल्या लाकडासारखा, मातकट वास होता तिला. "शंभरात अर्धा," एवढंच म्हणाले.

आषाढातल्या एका रविवारी ती एकच कुपी घेऊन गेली. पट्टी बुडवून तिने दाजींना दिली. सावित्री चहा घेऊन नुकतीच आली होती. दाजींनी डोळे मिटून वास घेतला, आणि त्याच क्षणी त्यांचे दोन्ही कोपर आपोआप अंगाशी आले, खांदे आक्रसले, मान खाली झुकली. लहानशा भोकातून शिरताना माणूस करतो तसे ते बसल्या जागी एवढेसे झाले.

सावित्रीच्या हातातला कप तसाच राहिला. "बनात शिरताना असेच शिरायचे," ती कुजबुजली. "काटे लागतत म्हणान."

दाजींनी डोळे उघडले आणि आपल्याच हातांकडे पाहिलं. मग ते हसायला लागले. तेजस्वीने त्यांना असं हसताना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

"झालो," ते म्हणाले. "ह्यो झाडावरचो."

भाईंनी ते मिश्रण अगरबत्तीवाल्या एका जुन्या गिऱ्हाइकाला पाठवलं, सोबत तुलनेसाठी साधा केवडाही दिला. आठवड्याने फोन आला. गिऱ्हाइकाला साधाच हवा होता. नव्यात काहीतरी हिरवट येतं, लोक म्हणतील हा केवडाच नव्हे. तेजस्वीचा चेहरा पडला. भाई म्हणाले, "लोकांनी केवडा टोपलीतच बघितलाय. त्यांची चूक नाही." त्यांनी मिश्रणाचा कागद फाडला नाही, फाइलला लावून ठेवला. पुढे गणपतीच्या तोंडावर गोव्यातल्या एका लहान अत्तरवाल्याने तेच मागवलं आणि दिवाळीआधी पुन्हा मागवलं. पण ते नंतर.

दाजींना तिने नकाराची गोष्ट सांगितली तेव्हा ते जराही हिरमुसले नाहीत. "बाजाराक बाजारातलो देवक व्हयो," म्हणाले. मग थोडं थांबून, "येत्या ऐतवारी सकाळी लवकर उठशीत? महादूक सांगलंय. होडी हाडतलो."

सहा वर्षांत जो माणूस खाडीकडे फिरकला नव्हता तो होडी सांगून मोकळा झाला होता. सावित्री बघतच राहिली.

श्रावणातली सकाळ होती. रात्रभर पडून पाऊस थांबलेला, भरती पुरी होऊन पाणी निवांत झालेलं. महादू दाजींपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण त्याचे हात अजून वल्ह्यावर घट्ट. अर्ध्या तासाने होडी एका आडव्या ओहोळात शिरली. तिथे, जिथे बंधारा नव्हता आणि शेतही नव्हतं, केवड्याची दहा-बारा झाडं पाण्यावर ओणवी झाली होती. होडी लागायच्या आधीच वास आला.

दाजींनी कोयता माळ्यावरून उतरवून धार लावून आणला होता. पहिल्याच घावाला कणीस खाली आलं. तेजस्वीने ते झेललं आणि तिच्या मनगटावर लगेच तीन लाल रेघा उमटल्या. दाजींनी पानं बाजूला सारली. "आता घे. आणि तुझी बाटली पण काढ."

तिने आधी फुलाचा वास घेतला, मग पट्टीचा, मग पुन्हा फुलाचा. फुलात अजून काहीतरी होतं, ज्याला तिच्या वहीत नाव नव्हतं. कदाचित पंधरा गोष्टी होत्या, चिमूट चिमूट. पण मधला कणा तोच. मुंबईहून पार्सलातून आलेला तो साधा, पाण्यासारखा द्रव आणि खाडीच्या चिखलात उभ्या असलेल्या या झाडाने रात्रभरात केलेलं द्रव्य, यांच्यात एका अणूचाही फरक नव्हता. हे तिला कोष्टकातून माहीत होतं. आता होडीत बसून ते नाकाला कळलं, आणि झाडाचं कौतुक करावं की माणसाचं ते तिला ठरवता येईना.

"फूल ता फूल," तिच्या मनातलं ओळखल्यासारखे दाजी म्हणाले. "पण तुझ्या बाटलेक मान दिलो पायजे. तिना माका हय हाडल्यान. माणसांनी इतकी वर्सा सांगान पण मी इलंय नाय."

मग त्यांनी कोयता उलटा धरला आणि झाडाच्या बुडाशी आलेले कोंब बघायला सुरुवात केली. एकेका कोंबाला हात लावून, वरच्या झाडाचं फूल पाहून, "ह्यो नर, ह्यो घे, ती मादी, रवांदे," असं चाललं होतं. चार कोंब त्यांनी मुळांसकट उपटले.

"खंय लावतलास?" महादूने विचारलं.

"बंधाऱ्याच्या भायल्या अंगाक. केवड्याची मुळा माती धरून ठेवतत. बंधाऱ्याकच बरा."

"फुलूक तीन-चार वर्सा लागतली, दाजी," महादू म्हणाला. दाजींचं वय त्यालाही माहीत होतं.

"लागांदेत. तोपर्यंत ह्या चेडवाची बाटली आसा," दाजी म्हणाले. "तू ता गोणपाट भिजय आधी. सुकी मुळा घेवन काय लाकडा लावूची आसत?"

महादूने गोणपाट खाडीत बुडवलं, आणि दाजी ओरडले, "अरे, खाऱ्या पाण्यात नको! उपटलेली मुळा खाऱ्यान करपतत! डब्यातला गोडा पाणी घाल!" तेजस्वी हसत हसत पिण्याच्या पाण्याचा डबा उघडू लागली.